अबोलपणाला आजार म्हणण्याआधी

मी अबोल माणूस आहे. अनोळखी नंबरवर फोन लावण्याआधी पहिलं वाक्य मनात जुळवून ठेवायचं, लग्नकार्यात ओळखीचा चेहरा दिसेपर्यंत कडेची खुर्ची धरायची, चारचौघांत बोलायला काही सुचेपर्यंत विषय पुढे गेलेला असायचा, हे माझं नेहमीचं जगणं. घुम्या, माणूसघाणा, शिष्ट ही विशेषणं आमच्यासारख्यांच्या अंगवळणी पडलेली असतात. आता त्यांच्या जोडीला ‘सोशल अँग्झायटी’, ‘स्पेक्ट्रमवर असेल’ (म्हणजे स्वमग्नतेच्या) अशी वैद्यकीय नावं आली आहेत, आणि ती डॉक्टरांआधी नातेवाईक आणि सहकारीच देऊन टाकतात. मला हे घातक वाटतं. चारचौघांपेक्षा वेगळं असणं हा आजाराचा पुरावा होऊ शकत नाही. त्या माणसाला स्वतःला किती त्रास होतो आणि त्याचं जगणं कुठे अडतं, हाच निकष असायला हवा.

मानसिक विकारांच्या याद्या माणसं बनवतात आणि बदलतात. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने १९७३ साली समलैंगिकतेला विकारांच्या यादीतून वगळलं. त्याआधी केवळ वेगळेपणाच्या बळावर असंख्य लोक रुग्ण ठरले होते. याच संघटनेच्या ‘डीएसएम’ या निदानपुस्तिकेत ‘सोशल फोबिया’, म्हणजेच आजची ‘सोशल अँग्झायटी’, स्वतंत्र निदान म्हणून आला तो १९८० साली. १९८७च्या आवृत्तीत त्याची व्याप्ती वाढली आणि बहुतेक सगळ्याच सामाजिक प्रसंगांची भीती त्यात बसू लागली. १९९९ मध्ये पॅरॉक्सेटिन या औषधाला अमेरिकेत याच विकारासाठी मान्यता मिळाली. त्या सुमारास तिथे लागलेली भित्तिपत्रकं वाचणाऱ्याला माणसांचीच ॲलर्जी असल्याची कल्पना करायला सांगत होती. अशा मोहिमेने खऱ्या रुग्णांना डॉक्टरांपर्यंत नेलं असेलही, पण साध्या बुजऱ्या माणसाच्या मनातही आपल्यात काही बिघाड आहे, ही शंका तिने पेरली.

यावर पहिला आक्षेप असा, की त्रास खरा असतो आणि ‘स्वभावच आहे’ म्हणून तो झटकला जातो. हे मला पूर्ण मान्य आहे. तोंडी परीक्षेच्या धास्तीने वर्ष बुडवणारी मुलगी किंवा मुलाखतीच्या दारातून परत फिरणारा तरुण यांना उपचार मिळालेच पाहिजेत, आणि विचार व वर्तन बदलायला शिकवणाऱ्या उपचारांचा अशा भीतीवर चांगला उपयोग होतो. पण डीएसएमचे आजचे निकषही नुसत्या बुजरेपणावर थांबत नाहीत. भीती साधारण सहा महिने किंवा जास्त टिकलेली हवी, प्रसंगाच्या आणि संस्कृतीच्या मानाने अवास्तव हवी, आणि तिच्यामुळे लक्षणीय त्रास किंवा कामात अडथळा व्हायला हवा. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: नाव मिळालं की मदत मिळते. आपल्याकडे २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नतेचा समावेश आहे आणि त्यातल्या सवलतींसाठी प्रमाणपत्र लागतं. शिवाय अनेकांना मोठेपणी झालेल्या निदानाने आयुष्यभराच्या अपराधी भावनेतून सोडवलं आहे. अशा नावाला माझा विरोध नाही, कारण ते माणसाच्या गरजेतून येतं. विरोध आहे तो इतरांच्या गैरसोयीतून आलेल्या नावाला. वर्गात हात वर न करणारं मूल शिकत असेल, त्याचा एखादा जिवलग मित्र असेल, ते आपल्या नादात रमत असेल, तर मोठ्यांना ते गप्प वाटतं एवढ्यावरून त्याच्यात दोष शोधणं अन्याय आहे.

ही सीमारेषा आखता येते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२पासून लागू झालेल्या वर्गीकरणात व्यक्तिमत्त्व विकार तीव्रतेनुसार मोजतात, आणि स्वभावातल्या अडचणींची वेगळी नोंद करतात, पण तिला विकार म्हणत नाहीत. आपला २०१७चा मानसिक आरोग्य कायदाही बजावतो, की समाजाच्या नैतिक, सामाजिक किंवा कामाविषयीच्या मूल्यांशी न जुळणं हा मानसिक आजार ठरवण्याचा आधार असू शकत नाही. शिक्षक, पालक आणि समुपदेशक यांनी एवढा क्रम पाळावा: आधी त्या माणसाला विचारावं की तुला याचा त्रास होतो का, मग पाहावं की तोंडीऐवजी लेखी उत्तर किंवा बैठकीआधी विषय कळवणं अशा साध्या बदलाने भागतं का, आणि तरीही जगणं अडत असेल तर तज्ज्ञाकडे न्यावं, बिनदिक्कत न्यावं. या क्रमाने मिळालेलं निदान आधार देतं. पहिला प्रश्नच न विचारता चिकटवलेलं नाव मात्र धडधाकट माणसालाही स्वतःविषयी साशंक करून सोडतं.