अलंगच्या बाजारात एक दिवस

सुरतच्या मराठी घरांत नव्या फर्निचरचा विषय निघाला, की कुणीतरी म्हणतंच, "आधी अलंगला जाऊन या!" आम्ही दहा वर्षं नुसतं ऐकत होतो. यंदा गेलो.

तुम्हीही जाऊ शकता. हजिराहून घोघ्याला रो-रो फेरी आहे, गाडीसकट आखात ओलांडता येतं. भावनगरकडून येत असाल तर महुवा रस्त्यावर त्रापजला वळा. वळलात की बाजार सुरूच. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना मोठमोठी पत्र्याची दुकानं, त्यांना इथं 'खाडा' म्हणतात. एकात नुसत्या गाद्या, दुसऱ्यात कपबशा, पुढच्यात दोरखंड, लाइफ जॅकेट, गोल खिडक्या, व्यायामाची यंत्रं. सगळं मोडीत निघालेल्या जहाजांवरचं. मी कोरियन अक्षरांच्या सहा बशा घेतल्या. घासाघीस भरपूर करा, पण विजेची वस्तू घेताना व्होल्टेज बघाच. जहाजावरची काही उपकरणं 110 व्होल्टची असतात, घरी लावली की धूर!

हे सामान येतं कुठून, ते बाजारापलीकडच्या किनाऱ्यावर कळतं. तिथं परवानगीशिवाय आत सोडत नाहीत, फोटोही काढू देत नाहीत. 1983 पासून इथं जहाजं तोडतात. खंभातच्या आखातातली भरती प्रचंड, किनारा सपाट. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला जहाज पूर्ण वेगानं वाळूत घुसवायचं. ओहोटी लागली की ते उघडं पडतं आणि गॅस कटर घेऊन माणसं चढतात. मालक एका देशातला, झेंडा दुसऱ्याच देशाचा, तोही पुष्कळदा शेवटच्या फेरीपुरता. पोलाद मात्र आपल्या रोलिंग मिलमध्ये जातं, त्याच्या सळ्या होतात. तुमच्या स्लॅबमध्ये कुठल्या समुद्रावरची सळई आहे, सांगता येणार नाही.

आयएनएस विराट आठवते? सिंधुदुर्गच्या समुद्रात तिचं संग्रहालय करायचं घाटत होतं. 2020 च्या सप्टेंबरमध्ये ती इथंच आली. मुंबईहून सहली नेणारं 'कर्णिका' हे क्रूझ जहाजही कोरोनाच्या वर्षी इथंच संपलं.

या गावाचं गणित जगाच्या उलटं आहे. जगाचा व्यापार मंदावला की जहाजं रिकामी उभी राहतात, मालक ती भंगारात काढतात आणि अलंगला काम मिळतं. 2008 च्या मंदीनंतर इथं रांग लागली होती. पण मालवाहतुकीचे दर चढले, की जुनं जहाजही कुणी सोडत नाही. मग इथले प्लॉट ओस.

चहाच्या टपरीवर ओडिशातल्या गंजाम जिल्ह्याचे एक गृहस्थ भेटले. वीस वर्षं कटर चालवलेला माणूस, हातावर भाजल्याचे डाग. जहाजात ॲस्बेस्टॉस असतो, टाक्यांत वायू उरलेला असतो, आग लागते. हे मी वाचून गेले होते, त्यांनी दोन वाक्यांत सांगितलं आणि विषय बदलला. आता हेल्मेट, बूट, प्रशिक्षण सगळं आलंय म्हणाले. 2019 चा जहाज पुनर्वापर कायदा आहे, हाँगकाँग करारही 2025 च्या जूनपासून लागू झालाय. "नियम चांगले आहेत दीदी, पण जहाज कुठं आहे?" गेल्या काही महिन्यांत त्यांना महिन्याला दहा-बारा दिवसच काम होतं. मी पिशवीतल्या बशा पायाशी सरकवल्या. का कोण जाणे, त्या दाखवाव्याशा वाटेनात.

आम्ही सुरतचे म्हटल्यावर त्यांचा चेहरा खुलला. त्यांच्या गावची निम्मी पोरं सुरतेतच यंत्रमागावर आहेत. धाकटा मुलगाही तिकडं जायचं म्हणतोय.

"माग चालू आहेत ना नीट?" त्यांनी विचारलं.

मी "हो, ठीक आहेत" म्हणाले. आमच्याच गल्लीतले दोन कारखाने दिवाळीपासून बंद होते.