हिरण्यकेशीच्या कुंडापासून मालवणच्या दर्यापर्यंत

सिंधुदुर्ग जिल्हा सह्याद्रीच्या माथ्यावरून अरबी समुद्रापर्यंत उतरत गेलेला आहे. पूर्वेला घाटमाथा, त्याच्या पायथ्याशी दाट जंगलाची खोरी, पुढे जांभ्या दगडाचे सडे, माड-पोफळीच्या बागा, खाड्या आणि शेवटी सुमारे १२० किलोमीटरचा किनारा. गाडीने दोन-तीन तासांत माथ्यावरून पुळणीवर पोहोचता येते, इतकी ही पट्टी अरुंद आहे. या उताराच्या प्रत्येक पायरीवर वेगळे जीव राहतात. त्यांतल्या काहींची शास्त्राला ओळख या शतकातच झाली. गावांना मात्र त्यांच्या जागा पिढ्यान्‌पिढ्या माहीत होत्या. हा प्रवास मी दोन ऋतूंत केला. बेडूक पहिल्या पावसात दिसतात आणि कासवे थंडीत किनाऱ्याला लागतात, म्हणून घाटमाथा जूनमध्ये पाहिला आणि किनारा फेब्रुवारीत.

पहिला मुक्काम सावंतवाडी तालुक्यातल्या आंबोलीचा. समुद्रसपाटीपासून सुमारे ६९० मीटर उंचीवरच्या या गावात वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. पर्यटक येतात ते धबधब्यासाठी, पण आंबोलीचे खरे वैभव रात्री विजेरीच्या उजेडात पायाखालच दिसते. कातळाच्या सड्यावर पहिल्या सरींनी उथळ डबकी भरली की तिथे पिवळसर अंगावर वाघासारखे पट्टे असलेला छोटा भेक जमू लागतो. त्याला 'आंबोली टोड' म्हणतात. 'झँथोफ्राइन टायगेरिना' हे त्याचे शास्त्रीय नाव २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यातल्या 'टायगेरिना' या शब्दाचा संबंध या पट्ट्यांशीच आहे. त्याचा विणीचा काळ फार थोडा असतो. पावसाच्या आरंभीच्या दिवसांत नर-मादी डबक्यांवर येतात, अंडी घातली जातात आणि डबके आटण्यापूर्वी पिल्लांना वाढ पुरी करावी लागते. त्याचा आढळ अतिशय मर्यादित आहे, म्हणून जागतिक यादीत तो 'अतिसंकटग्रस्त' वर्गात आहे. वीण ज्या दिवसांत असते, त्याच दिवसांत पावसाळी पर्यटनाची गर्दी सुरू होते आणि भिजलेल्या रस्त्यावर बाहेर आलेले बेडूक चाकांखाली सापडतात. सडा हा महसुली कागदांत बहुधा पडीक जमीन म्हणून गणला जातो. या भेकाचे पाळणाघर मात्र तोच आहे.

त्याच रात्री डबक्यांवर झुकलेल्या फांद्यांवर पांढऱ्या फेसाचे गोळे लटकलेले दिसले. ही मलबारी उडत्या बेडकाची घरटी. मादी पायांनी स्राव घुसळून फेस करते, त्यात अंडी घालते आणि पिल्ले तयार झाली की खाली पाण्यात पडतात. फेस अंड्यांना कोरडे पडू देत नाही. मात्र घरट्याखाली पाणी नसेल तर हे सगळे व्यर्थ जाते. म्हणून रस्ता रुंद करताना बुजवलेले एक डबकेही बेडकांची एक पिढी घेऊन जाते.

आंबोलीपासून थोड्याच अंतरावर हिरण्यकेशी नदीचा उगम आहे. गुहेतून पाणी बाहेर येते, कुंडात साठते आणि शेजारी महादेवाचे मंदिर आहे. ही नदी कोकणात उतरत नाही. ती पूर्वेला आजरा-गडहिंग्लजकडे जाते, पुढे घटप्रभेला मिळते आणि कृष्णेमार्गे बंगालच्या उपसागराला पोहोचते. या उगमाच्या पाण्यात सापडलेल्या एका छोट्या, तळाशी राहणाऱ्या माशाचे वर्णन २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. 'शिस्टुरा हिरण्यकेशी' हे त्याचे नाव. संशोधकांत तेजस ठाकरे यांचा समावेश होता. स्वच्छ, वाहते, प्राणवायूने भरलेले पाणी आणि दगडगोट्यांचा तळ एवढीच त्याची गरज आहे. गावात तो 'देवाचा मासा' म्हणून ओळखला जातो. देवाच्या कुंडातला मासा कोणी धरायचा नाही, या समजुतीने त्याला शास्त्राच्या कितीतरी आधी संरक्षण दिले होते. २०२१ मध्ये राज्य शासनाने इथला २.११ हेक्टर परिसर जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर केला. एका माशाच्या अधिवासासाठी असा दर्जा मिळणे ही महाराष्ट्राच्या दृष्टीने मोठी गोष्ट होती. कुंडात साबण, निर्माल्य आणि प्लास्टिक जाऊ न देणे हे त्या दर्जाचे रोजचे काम आहे.

घाट उतरून दक्षिणेला वळले की दोडामार्ग तालुका लागतो. इथल्या हेवाळे-बांबर्डे परिसरात एक देवराई आहे. तिच्यातून वर्षभर पाण्याचा व्हाळ झिरपत राहतो आणि त्या दलदलीत रानजायफळाची उंच झाडे उभी आहेत. 'मिरिस्टिका मॅग्निफिका' ही ती जात. चिखलात मुळांना हवा मिळत नाही, म्हणून या झाडांची काही मुळे गुडघा वाकवल्यासारखी चिखलाबाहेर येऊन पुन्हा आत जातात आणि खोडाला आधार देणारी मुळे वरून फुटतात. अशी दलदल हा पश्चिम घाटातला फार जुना आणि विरळ होत गेलेला वनप्रकार आहे. भातशेती आणि बागायतीला तीच पाणथळ जमीन लागते, त्यामुळे बहुतेक ठिकाणी ती नाहीशी झाली. शेजारच्या गोव्यात सत्तरी तालुक्यातल्या निरंकाराच्या राईतही ती टिकली आहे. दोन्ही ठिकाणी कारण एकच: राईतली वाळली काडीही बाहेर न नेण्याचा गावाचा नियम. बांबर्ड्याच्या या जागेलाही वारसा स्थळाचा दर्जा मिळाला आहे.

रानजायफळाची फळे धनेश खातो आणि बिया दूरवर टाकतो. त्याच्या मादीला अंडी घालण्यासाठी जुन्या, मोठ्या झाडाची ढोली हवी असते. ती आत बसून तोंड लिंपून घेते आणि फटीतून नर तिला व पिल्लांना भरवतो. मोठे झाड तुटले की त्या वर्षीची वीण हुकते, आणि पक्षी कमी झाले की बिया झाडाखालीच कुजतात. राई आणि धनेश असे एकमेकांवर उभे आहेत.

याच तालुक्यात तिलारीचे २९.५३ चौरस किलोमीटरचे संवर्धन राखीव क्षेत्र २०२० मध्ये जाहीर झाले. गोव्यातले म्हादई आणि कर्नाटकातले भीमगड यांना जोडणारी ही वाट आहे. वाघ आणि हत्ती राज्यांच्या सीमा मानत नाहीत. २००२ मध्ये कर्नाटकातून हत्ती सिंधुदुर्गात उतरले आणि तेव्हापासून दोडामार्गच्या माड, पोफळी आणि केळीच्या बागांचे नुकसान होत आले आहे. उभी बाग एका रात्रीत आडवी झालेल्या शेतकऱ्याला वन्यजीव रक्षणाचे महत्त्व सांगण्याआधी त्याची भरपाई वेळेवर मिळाली पाहिजे. ती लांबली की जंगलाविषयीची आपुलकीही आटते.

पुढचा टप्पा किनाऱ्याचा. वेंगुर्ल्यासमोरच्या समुद्रात 'वेंगुर्ला रॉक्स' ही खडकाळ बेटे आहेत. तिथल्या गुहांत भारतीय पाकोळ्यांची मोठी वसाहत आहे. हा पक्षी गुहेतल्या अंधारात आवाजाच्या प्रतिध्वनीवर वाट काढतो आणि लाळेने घरटे कातळाला चिकटवतो. याच लाळेमुळे पूर्व आशियात घरट्यांना मोठी किंमत येते आणि इथे चोरी होत असे. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने या चोरीचा माग काढून राखणीचे काम उभे केले.

याच संस्थेने २००२ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासला कासवांच्या घरट्यांचे रक्षण सुरू केले आणि पुढे ते कोकणच्या अनेक गावांत पोहोचले. वेंगुर्ला तालुक्यातले वायंगणी त्यांपैकी एक. तिथे मी फेब्रुवारीतल्या एका पहाटे पोहोचलो. ऑलिव्ह रिडले जातीच्या माद्या साधारण नोव्हेंबर ते मार्च या काळात रात्री पुळणीवर येतात, खड्डा खणून सुमारे शंभर-सव्वाशे अंडी घालतात आणि वाळू सारखी करून परततात. कोल्हे, कुत्री आणि माणसे अंडी उकरतात, म्हणून गावचे कासवमित्र ती कुंपणातल्या हॅचरीत त्याच खोलीवर पुरतात. पंचेचाळीस ते साठ दिवसांत पिल्ले बाहेर येतात. वाळू जास्त तापली की माद्या अधिक निपजतात, त्यामुळे वाढत्या उष्णतेचा परिणाम इथे थेट पिढीच्या जडणघडणीवर होतो. पिल्लांना हातांनी पाण्यात सोडत नाहीत. वाळूवर ठेवतात आणि ती स्वतः चालत लाटेपर्यंत जातात. ही चाल त्यांच्या वाढीचाच भाग मानली जाते.

ही कासवे कुठून येतात हे बराच काळ कोडे होते. २०२२ मध्ये वेळास, आंजर्ले आणि गुहागर इथल्या माद्यांना प्रथमच उपग्रह टॅग बसवले गेले. २०२३ मध्ये गुहागरला टॅग केलेली 'बागेश्री' श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात गेली. २०२१ मध्ये ओडिशात खूण केलेली एक मादी २०२५ मध्ये गुहागरला अंडी घालताना आढळली. म्हणजे पूर्व आणि पश्चिम किनाऱ्याची कासवे पूर्णपणे वेगळी नाहीत आणि कोकणातले एक घरटे वाचवणे हे साऱ्या हिंदी महासागराचे काम ठरते.

प्रवास मालवणला संपला. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतालच्या पाण्यात प्रवाळ आहेत. १९८७ मध्ये इथे २९.१२ चौरस किलोमीटरचे सागरी अभयारण्य झाले. मासेमारीवर बंदी येईल या भीतीने गावांचा त्याला दीर्घकाळ विरोध राहिला. पुढे जे प्रयत्न रुजले ते मच्छीमारांना बरोबर घेणारे होते. ट्रॉलच्या जाळ्याच्या टोकाला चौकोनी आस (जाळ्याचा डोळा) बसवली की ओढ लागल्यावरही ती मिटत नाही आणि लहान मासळी निसटते. वेंगुर्ल्यात महिलांचा बचत गट कांदळवनातून होडीची सफर घडवतो. तिवरांत वाढणारी मासळी आणि खेकडे हेच त्यांच्या घरचे उत्पन्न असल्याने सफरीत सांगितलेली माहिती पाठ केलेली वाटत नाही. डिसेंबर २०१८ पासून जाळ्यात अडकलेले कासव, डॉल्फिन किंवा व्हेल शार्क जाळे कापून सोडणाऱ्या मच्छीमाराला राज्य शासन २५,००० रुपयांपर्यंत भरपाई देते. जाळे ही त्या घराची भांडवली वस्तू आहे, आणि ती कापण्याचा निर्णय भर समुद्रात काही क्षणांत घ्यावा लागतो. भरपाईने तो निर्णय सोपा केला.

कुंड, राई, पुळण आणि दर्या या चारही ठिकाणी नाव संशोधकांनी दिले आणि राखण गावाने केली. या वाटेवर जाणाऱ्याने त्या राखणीत आपला वाटा उचलावा. पावसात आंबोलीच्या रस्त्यावर रात्री गाडी सावकाश हाकावी. कुंडात काही टाकू नये आणि राईतून काही उचलू नये. कासवांच्या पुळणीवर दिवे लावू नयेत. मालवणच्या पाण्यात प्रवाळावर पाय ठेवू नये.