कॉनरची चौथी गोष्ट

प्रिय मुक्ता,

तुझ्या वर्गातल्या त्या मुलाबद्दल वाचल्यापासून जिवाला घोर लागला आहे. आई अंथरुणाला खिळलेली आणि पोरगा कुणाशीच बोलत नाही. ‘अ मॉन्स्टर कॉल्स’ हा सिनेमा सगळ्या आठवीला दाखवावा का, असं तू विचारलंस. दाखवू नकोस. त्या मुलाला मूळ पुस्तक दे.

सिनेमा मला मनापासून आवडतो. बायोना या स्पॅनिश दिग्दर्शकानं २०१६ मध्ये तो फार जपून केला, आणि पटकथाही कादंबरीकार पॅट्रिक नेसनंच लिहिली. राक्षसाच्या गोष्टी जलरंगांतून पडद्यावर उमलतात, तेव्हा बघत राहावंसं वाटतं. पण कादंबरी कुठून आली ते बघ. शिव्हॉन डाउड या लेखिकेला ती सुचली होती. पात्रं, कल्पना, सुरुवात एवढं तयार होतं, आणि २००७ मध्ये ती कॅन्सरनं गेली. तिला कधीही न भेटलेल्या नेसनं ते काम हाती घेतलं आणि २०११ मध्ये पुस्तक आलं. त्यात खोटा दिलासा कुठेच नाही.

रात्री बारा वाजून सात मिनिटांनी यू वृक्षाचा राक्षस तेरा वर्षांच्या कॉनरकडे येतो. तो तीन गोष्टी सांगणार, चौथी कॉनरनं सांगायची, आणि ती खरी असायला हवी. कॉनरला रोज एकच स्वप्न पडतं. आई कड्यावरून घसरते आहे आणि तिचे हात त्याच्या हातातून सुटतात. खरी गोष्ट अशी की ते त्यानं सोडलेले असतात. हे सगळं एकदाचं संपावं, असं त्याला वाटलेलं असतं.

आपल्याकडे लांबलेलं दुखणं संपलं की भेटायला येणारे सहज म्हणतात, ‘सुटली बिचारी.’ कुणाला त्यात वावगं वाटत नाही. पण तेच आईच्या उशाशी बसलेल्या लेकराच्या मनात आदल्या रात्री येऊन गेलं, तर त्यानं ते कुणाला सांगायचं? कॉनर शिक्षा मागत फिरतो. आजीची बैठकीची खोली फोडतो, शाळेत एका मुलाला बेदम मारतो, आणि कॉनरच्या आईच्या आजाराकडे बघून कुणी शिक्षाच देत नाही. ही पानं मला फार जड जातात. आई राहावी आणि हे संपावं, या दोन्ही मागण्या एकाच मनातल्या असू शकतात, हे राक्षस त्याला अखेर समजावतो.

कादंबरी हॉस्पिटलच्या खोलीत, आईला घट्ट धरलेल्या कॉनरपाशी थांबते. सिनेमा पुढे जातो. आजी त्याला आईची जुनी खोली देते. तिथे आईची चित्रांची वही सापडते, आणि वहीत तोच राक्षस. मीही तिथे रडले. तरी मला ती वही नको होती. तिच्यामुळे राक्षस आईनं मागे ठेवलेली भेट होतो. पुस्तकात तो कॉनरनं स्वतः हाक मारून बोलावलेला आहे, आणि मागे वही न ठेवता जाणाऱ्या आयाच जास्त.

सिनेमानं आणखी एक गाळलं, ते तुझ्या कामाचं आहे. पुस्तकात लिली नावाची त्याची मैत्रीण आहे. तिनं भल्या मनानंच आईच्या आजाराचं दोघा-तिघांना सांगितलं, आणि बघता बघता शाळेभर झालं. तेव्हापासून सगळे कॉनरशी दबक्या आवाजात बोलतात, बाजूनं निघून जातात. लिली पडद्यावर नाहीच. सिनेमा तू वर्गात लावलास, तर आजारी आईचा पहिला प्रसंग येताच चाळीस माना त्या मुलाकडे वळतील, आणि लिलीनं नकळत केलं तेच तुझ्या हातून होईल.

जिम केच्या काळ्या-पांढऱ्या चित्रांची आवृत्ती घे. चित्रांशिवायचीही मिळते, ती नको. शाळा सुटल्यावर, कुणी नसताना दे. वाचलंस का म्हणून विचारू नकोस. आणि त्यानं गृहपाठ केला नाही, तर इतरांना रागावतेस तसं त्यालाही रागाव.

तुझी
सुमामावशी