पुन्हा मोडता यावी म्हणून

मोडलेल्या गाडीत शिरताना मी आवाज करत नाही. आत कुणीतरी मरणाला घासून गेलेलं असतं. विमा कंपनीच्या लिलावाला लागलेली ही निळी ऑक्टेव्हिया आरएस २३० यार्डात उभी होती, तेव्हा तिचं डावं नाक पार चाकापर्यंत मिटलं होतं. रेडिएटर, इंटरकूलर, कंडेन्सर एकमेकांत दाबले गेलेले. एअरबॅगा लोंबत होत्या, डॅशबोर्डवर त्यांची पांढरी भुकटी. सीटचा पट्टा बाहेर आला होता तसाच राहिलेला. टक्कर होताक्षणी आतल्या स्फोटक कांडीनं तो खेचून माणसाला सीटशी आवळून धरलं होतं, आणि हे काम पट्ट्याला एकदाच करता येतं. मग मी ड्रायव्हरचं दार ओढलं. सहज उघडलं. तितक्याच सहज लागलं, म्हणजे मधली खोली जागची हलली नव्हती. त्या दाराच्या खटक्यावर मी गाडी घेतली.

ही गाडी मूळची शेंद्र्याची, छत्रपती संभाजीनगरजवळच्या कारखान्यात जुळवलेली. दोन लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन, २३० अश्वशक्ती, सगळा जोर पुढच्या दोन चाकांवर. आणि मागे ५९० लिटरची डिकी, गावाकडची तांदळाची पोती मावतील अशी. घरसंसार आणि वेग एका अंगात नांदवणारी ही गाडी २०१७ साली नवी आली, तेव्हा किंमत २५ लाखांच्या घरात होती, माझ्या आवाक्याबाहेर. दुरुस्तीचा खर्च विम्यातल्या घोषित किमतीच्या ७५ टक्क्यांपलीकडे गेला की गाडी ‘टोटल लॉस’ ठरते. मग ती माझ्यासारख्याच्या हाताला लागते. पैसे मोजण्याआधी चेसिस नंबर आणि आरसी पुन्हा पुन्हा ताडून पाहिले. असल्या गाड्यांचे कागद मिळवून त्यांचा नंबर चोरीच्या गाडीवर ठोकणारे लोक आहेत, आणि त्यांचा मला मनापासून राग आहे.

त्या मिटलेल्या नाकापाशी मी बराच वेळ बसत असे. पत्रा कुठून वाकला, जोर कुठून आत शिरला, कुठे वाट वळली, कुठे थांबला, हे सगळं तिथं उमटलेलं होतं. बेला बारेनी या अभियंत्यानं १९५१ साली मर्सिडीजसाठी या कल्पनेच्या पेटंटचा अर्ज केला: मधली खोली कणखर ठेवायची आणि पुढचा-मागचा भाग मुद्दाम चुरगळू द्यायचा. १९५९ साली तशी गाडी बाजारात आली. तोवर गाडी जितकी अभेद्य तितकी चांगली, अशी समजूत होती. पण अभेद्य गाडी जागच्या जागी थांबते आणि आतल्या माणसालाही तसंच थांबवते. थांबायला सहापट अंतर मिळालं, तर शरीरावरचं सरासरी बळ सहावा हिस्सा उरतं. नाकानं मिटत मिटत ते अंतर पैदा केलं होतं. मोडणं हे त्याचं काम होतं, आणि त्यानं ते चोख केलं होतं.

म्हणूनच आमच्या डेंटर उस्तादांनी डाव्या लेगवर, म्हणजे चेसिसच्या पुढच्या तुळईवर, हात ठेवला तेव्हा माझा जीव वरखाली झाला. चाळीस वर्षं पत्र्याशी बोललेला माणूस. गॅस मारून, साखळी लावून ओढली तर सरळ झाली असती. बाहेरून कुणाला कळलंही नसतं. उस्ताद म्हणाले, “साहेब, सरळ होईल. पण पुढच्या वेळी कुठं दुमडायचं, ते तिला आठवणार नाही.” पुढच्या लेगला ठरावीक जागी घडी पडावी असा तिचा घाट असतो, दाराच्या खांबातलं पोलाद तर ९०० अंशांच्या वर तापवून साच्यातच झटकन थंड केलेलं. एकदा ज्योत फिरली की हे सगळे गुण जातात, उरतो तो नुसता आकार. लेग कापायची, नवी बसवायची, हे तिथंच ठरलं.

इंजिनाचं फार सांगण्यासारखं नाही. माऊंट तुटले होते, बाकी ते शाबूत होतं. खरा वेळ गेला तो गाडी जिगवर, म्हणजे चेसिस मोजायच्या चौकटीवर, चढवून खालचे मोजमापाचे बिंदू मिलिमीटरमध्ये जुळवण्यात. नवी लेग कारखान्यानं नेमून दिलेल्या रेषेवरच जोडली. वेल्डवर झिंक प्रायमर, पोकळीत मेण. पट्टे, एअरबॅगा, त्यांचं कंट्रोल युनिट आणि सेन्सर, सगळं नवं. जुन्या बाजारातून यातलं काही घेऊ नका, असं मी भेटेल त्याला विनवतो. फेंडर आणि बोनेट मात्र कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून आणले, कारण टकरीचा मुख्य जोर या बाहेरच्या पत्र्यानं झेलायचा नसतो. तोच निळा रंग जमवताना दारावरही थोडा उतरवावा लागला.

बाजारात अशा गाडीला ‘ॲक्सिडेंटल’ म्हणतात, आवाज खाली आणून. रंगाची जाडी मोजणारं यंत्र दारावर टेकवलं की दलाल लगेच ओळखतो. मला लपवायचं नाही. मिस्टर बीन झालेल्या रोवन ॲटकिन्सनची मॅकलॅरेन एफ१ २०११ साली इंग्लंडमध्ये झाडावर आदळली. दुरुस्तीला ९ लाख पौंडांहून अधिक लागले, आणि सगळ्या जगाला ठाऊक असूनही २०१५ साली ती सुमारे ८० लाख पौंडांना गेली. माझ्या गाडीची फाईल ग्लव्हबॉक्समध्ये आहे: मिटलेल्या नाकाचे फोटो, जिगवरची मापं, प्रत्येक सुट्या भागाची पावती. शेवटच्या पानावर नव्या लेगचा जोड नेमका कुठं आहे ते लाल शाईनं दाखवलंय, म्हणजे पुढच्या डेंटरला ते शोधावं लागणार नाही.