सव्वा लाखाचा हत्ती

जुनी आलिशान सेडान दीर्घकाळ वापरण्यासाठी घ्यावी की नाही, हा प्रश्न वरवर पाहता किमतीचा असतो. मोटार विम्यासाठी गाडीचे मूल्य, म्हणजे आयडीव्ही, काढण्याचा एक ठरावीक तक्ता भारतात आहे. गाडी सहा महिन्यांची होईपर्यंत ५ टक्के घसारा, वर्षापर्यंत १५, दोन वर्षांपर्यंत २०, तीनपर्यंत ३०, चारपर्यंत ४० आणि पाच वर्षांपर्यंत ५० टक्के. त्यानंतर तक्ता हात वर करतो. पुढचे मूल्य विमा कंपनीने आणि मालकाने आपसांत ठरवायचे. गाडी दहा-बारा वर्षे ठेवण्याच्या इराद्याने बाजारात उतरलेला माणूस बहुधा तक्ता जिथे संपतो तिथूनच सुरुवात करतो.

बाजाराला तक्त्याचे बंधन नाही. मारुतीची छोटी गाडी त्यापेक्षा सावकाश उतरते. मर्सिडीजची ई-क्लास, बीएमडब्ल्यूची फाइव्ह सिरीज, ऑडीची ए-सिक्स त्यापेक्षा भराभर उतरतात. सात-आठ वर्षांच्या ई-क्लासचा भाव नव्या इनोव्हा हायक्रॉसच्या आसपास येऊन ठेपतो. शिवाय पहिल्या मालकाने भरलेला रस्ताकर दुसऱ्याला फुकटात मिळतो. महाराष्ट्रात वीस लाखांवरच्या पेट्रोल गाडीला १३ टक्के, डिझेलला १५ टक्के आणि कंपनीच्या नावावर घेतलेल्या गाडीला २० टक्के एकरकमी कर पडतो. राज्यातल्या राज्यात गाडी हस्तांतरित झाली तर तो पुन्हा भरावा लागत नाही. दुसऱ्या बाजूने, २२ सप्टेंबर २०२५ पासून नव्या मोठ्या गाड्यांवरचा कर ४८ ते ५० टक्क्यांवरून ४० टक्क्यांवर आला, तेव्हा नव्यांबरोबर जुन्यांचेही भाव खाली सरकले. म्हणजे ऑगस्टमध्ये घासाघीस करून मिळवलेला ‘चांगला सौदा’ ऑक्टोबरमध्ये तितकासा चांगला राहिला नव्हता.

भाव एवढा का पडतो, याचे उत्तर खर्चाच्या बाजूला आहे. गाडीची किंमत उतरते. तिच्या सुट्या भागांची उतरत नाही. पंचवीस लाखांना मिळालेल्या गाडीचा हेडलाइट पंचाहत्तर लाखांच्या गाडीचाच असतो आणि त्याचे बिलही त्याच भावाने येते. बाजाराला हे ठाऊक असते. पडलेला भाव म्हणजे येऊ घातलेल्या बिलांचा अंदाज, आगाऊ वजा केलेला. हे खरे असेल तर स्वस्तात मिळाली असे काही नसतेच; कारखान्याला द्यायचे पैसे गॅरेजला दिले जातात, इतकेच.

जुन्या गाड्यांच्या व्यवहारात अशा शंकेला एक हमखास उत्तर मिळते: हत्ती मेला तरी सव्वा लाखाचा. विकणारा ते बॉनेटवर हात ठेवून म्हणतो आणि ऐकणाऱ्याला ते पटतेही. पण ही म्हण हिशेबाला बसवून पाहिली तर तिच्यात बरेच काही अडते. तिचे एक रूप असेही ऐकू येते की हत्ती जिवंतपणी लाखाचा आणि मेल्यावर सव्वा लाखाचा. हे वरचे पंचवीस हजार कुठून आले? सरळ उत्तर हस्तिदंत. मग हा हत्ती नरच असला पाहिजे, कारण आशियाई हत्तिणीला बाहेर दिसणारे सुळे बहुधा नसतात. आणि नरांतही बिनसुळ्यांचे मखना असतात, त्यांच्या मालकाने काय करावे हे म्हण सांगत नाही. दुसरे उत्तर हत्तीखान्याच्या कारकुनाला सुचेल असे आहे: हत्ती मेला की चारा थांबतो. पूर्ण वाढलेला हत्ती दिवसाला सुमारे दीडशे किलो चारा खातो. पीलखाना बाळगणाऱ्या संस्थानिकाला माहुताचा पगार, चारा आणणाऱ्याचा पगार, ऊस, केळी, झूल, अंबारी हे सगळे रोजचे होते. त्या जमाखर्चात मेलेल्या हत्तीचा भाव चढणे अगदी समजण्याजोगे आहे. तसे असेल तर विक्रेता जी म्हण गाडीच्या बाजूने वापरतो, ती खरे तर तिच्या विरुद्ध साक्ष देते.

कायद्याने तर ही म्हण केव्हाच मोडीत काढली. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. १९८६ च्या दुरुस्तीने भारतीय हस्तिदंताचा व्यापार बंद झाला आणि १९९१ च्या दुरुस्तीने आयात केलेल्या आफ्रिकी हस्तिदंताचाही. आज मेलेल्या हत्तीची कायदेशीर बाजारकिंमत शून्य आहे. जिवंत पाळीव हत्ती ठेवायचा तर मालकीचे प्रमाणपत्र लागते, आणि तो विकता येत नाही. मोटारीच्या आरसी बुकाने निदान विकण्याची मुभा तरी ठेवली आहे.

हत्तीचा विषय निघालाच आहे तर त्याच्या दातांविषयीही सांगितले पाहिजे, कारण दीर्घकाळ टिकणे म्हणजे काय हे त्यातून कळते, किंवा कळल्यासारखे वाटते. हत्तीला आयुष्यात दाढांचे सहा संच मिळतात. माणसासारखे ते खालून वर येत नाहीत. मागून पुढे सरकत येतात. पुढचा झिजून तुकड्यांनी गळतो आणि मागचा त्याची जागा घेतो. सहावा संच झिजला की सातवा येत नाही. बाकी शरीर धडधाकट असले तरी म्हातारा हत्ती चारा चावू न शकल्याने खंगतो आणि मरतो. मोटारीला अशी मर्यादा कोणी घालून दिलेली नाही. ग्रेगोरियोस साचिनिदिस या ग्रीक टॅक्सीचालकाने १९८१ मध्ये एक वापरलेली मर्सिडीज २४० डी घेतली. गाडी १९७६ ची, जर्मनीत टॅक्सी म्हणून २ लाख २० हजार किलोमीटर धावलेली. आपल्याकडे अशा गाडीकडे कोणी वळूनही पाहिले नसते. इंजिने आलटून पालटून बसवत त्याने ती ४६ लाख किलोमीटरवर नेली आणि २००४ मध्ये कंपनीच्या संग्रहालयाला दिली. बदल्यात त्याला नवी सी-क्लास मिळाली. या गाडीला सातवा, आठवा, नववा दात मिळत गेला. मात्र शेवटी संग्रहालयात जे उभे राहिले त्यात १९७६ चे किती आणि गॅरेजचे किती, आणि तो माणूस एकच गाडी चालवत होता की एकाच नंबरखाली अनेक, हे ठरवणे सोपे नाही. दीर्घ मालकीचे सर्वांत मोठे उदाहरण म्हणून ज्या गाडीकडे बोट दाखवावे, तीच मालकी नेमकी कशाची हा प्रश्न उभा करते.

त्या ग्रीक टॅक्सीत एअर सस्पेन्शन नव्हते, हेही नोंदवायला हवे. आजच्या आलिशान सेडानची झीज वेगळ्या जागी होते. हवेवर चालणाऱ्या सस्पेन्शनमध्ये स्प्रिंगच्या जागी रबरी फुगे असतात. रबराला वय लागते, गाडी फिरो वा न फिरो. फुग्याला बारीक चीर गेली की कंप्रेसर हवा भरत राहतो आणि काही महिन्यांत तोही जळतो. एका बिलाची दोन बिले होतात. सकाळी गाडी एका कोपऱ्यावर खाली बसलेली दिसणे हे त्याचे पहिले लक्षण. बीएमडब्ल्यूच्या एन-४७ या डिझेल इंजिनाची टायमिंग चेन इंजिनाच्या मागच्या, म्हणजे गिअरबॉक्सच्या बाजूला आहे. तिचा खरखराट सुरू झाला की चेन स्वस्त आणि तिथवर पोचण्याची मजुरी महाग असा प्रकार होतो. गिअरबॉक्सचे तेल ‘आयुष्यभरासाठी’ भरले आहे असे गाडीची कंपनी सांगते. तोच आठ गिअरचा बॉक्स बनवणारी झेडएफ मात्र ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटरदरम्यान तेल बदलायला सांगते. दोघांच्या मनातले आयुष्य वेगवेगळ्या लांबीचे असावे. पहिल्या मालकाला गाडी पाच वर्षांत विकायची असते, त्यामुळे हा मतभेद त्याच्यापर्यंत येत नाही. दुसऱ्याला तो वारशात मिळतो. बीएस-सिक्स डिझेल गाडी रोज फक्त शहराच्या कोंडीत चालली असेल तर धुराड्यातली काजळीची जाळी भरत जाते, कारण ती जळून साफ व्हायला मोकळ्या रस्त्यावरची सलग धाव लागते. म्हणून कमी चाललेली गाडी चांगली, हा सर्वमान्य समज इथे अर्धाच खरा ठरतो: दादर-बीकेसी करत तीस हजार किलोमीटर झालेली गाडी आणि पुणे-कोल्हापूर करत एक लाख झालेली गाडी यांत दुसरी अधिक निरोगी असू शकते. मीटरवरचा आकडा ती निवड सोपी करत नाही. तो मागे फिरवता येतो. अर्थात बऱ्याच गाड्यांत तोच आकडा इतर कंट्रोल युनिटमध्येही साठवलेला असतो आणि स्कॅनर लावला की खोटे उघडे पडते.

मुंबईच्या खरेदीदाराला पाण्याची भीती वेगळी सांगावी लागत नाही. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, आणि त्यानंतर पाण्यातून काढून पुसलेल्या गाड्या दूरदूरच्या शहरांत विकायला उभ्या राहिल्या. आलिशान गाडीच्या कार्पेटखाली आणि डिकीत तारांचे जुडगे व कंट्रोल युनिट असतात. पाणी ओसरल्यावर गाडी सुरू होते, गंज मात्र वर्षभराने बोलू लागतो. डिकीतल्या तळाचा खळगा आणि सीटचे रूळ बघावेत, तिथे गाळ राहतो. परराज्यातून आलेल्या गाडीबाबत वेगळी चौकशी लागते. दिल्ली परिसरात हरित न्यायाधिकरणाने २०१५ मध्ये दहा वर्षांवरच्या डिझेल आणि पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर बंदी घातली आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली. तेव्हापासून दिल्लीच्या देखण्या डिझेल सेडान स्वस्तात दक्षिणेकडे येत राहिल्या. त्यांना एनओसी हवी आणि महाराष्ट्राचा रस्ताकर नव्याने भरावा लागतो. तो धरला की स्वस्ताई बरीच आटते.

कागदपत्रांबाबत थोडक्यात: हस्तांतराला नमुना २९ आणि ३०, कर्ज फिटले असल्यास बँकेच्या सहीचा नमुना ३५. विमा नव्या मालकाच्या नावावर झाला नसेल तर अपघातात गाडीच्या नुकसानीचा दावा अडतो. यात चिंतन करण्यासारखे काही नाही, फक्त करायचे आहे.

उरतो तो ज्यासाठी ही गाडी घेतली जाते तो भाग, आणि इथे हिशेब पुन्हा ढिला पडतो. ऑक्टोबर २०१० मध्ये औरंगाबादच्या उद्योजक-व्यावसायिकांनी एकत्र येऊन एका झटक्यात सुमारे दीडशे मर्सिडीज घेतल्या. व्यवहार ६५ कोटींच्या घरातला, स्टेट बँकेचे कर्ज ७ टक्क्यांनी. त्यावर कौतुक झाले, टीकाही झाली. शेतकऱ्याला ट्रॅक्टरसाठी काय दराने कर्ज मिळते हा प्रश्न विचारला गेला आणि तो रास्तच होता. पण त्या खरेदीचा उघड हेतू हे शहर आता मागासलेले नाही असे जगाला दाखवणे हा होता. ते दाखवून झाले. त्याच त्या गाड्या आज तिसऱ्या-चौथ्या हाती असतील, तर त्या मालकांना जगाला काही दाखवायचे नसावे. निदान तेवढ्या भावात दाखवता येत नाही. दार मिटतानाचा जड आवाज, १२० च्या वेगातही गाडीत राहणारी शांतता, मागच्या सीटवर न दुखणारी म्हाताऱ्या आईची कंबर, असल्या गोष्टींसाठी ते बिले भरत असतील. या गोष्टींना आयडीव्हीच्या तक्त्यात रकाना नाही. मात्र त्याच गोष्टी नव्या कॅम्रीत किंवा चांगल्या ठेवलेल्या सुपर्बमध्ये बऱ्याच प्रमाणात मिळतात, हेही नाकारता येत नाही. मग पुढच्या जाळीवरच्या ताऱ्याचे किती पैसे पडले हे काढायला हवे. ते ज्याचे त्यालाही काढता येत नसावे.

पडलेला भाव हा बिलांचा अंदाज आहे असे वर म्हटले. तो सरासरी मालकाचा अंदाज असतो: शोरूमलाच सर्व्हिस करणारा, आवाज आला तरी महिनाभर चालवणारा. विश्वासू, स्वतःचा स्कॅनर बाळगणारा स्वतंत्र गॅरेजवाला ज्याच्याकडे आहे आणि जो गाडीच्या किमतीच्या दहाव्या हिश्शाएवढी रक्कम दरवर्षी बाजूला ठेवू शकतो, तो या अंदाजाला हरवू शकेल. पण आपण सरासरीपेक्षा बरे आहोत असे प्रत्येकच खरेदीदाराला वाटते, आणि सरासरी त्याच खरेदीदारांची बनलेली असते. शिवाय एखादा गॅरेजवाला पाचव्या वर्षी दुकान बंद करून गावी जातो. तेव्हा निर्णय गाडीबद्दल होता की त्या माणसाबद्दल, हेही सांगता येत नाही.

दिल्ली परिसर सोडला तर दीर्घ मालकीला कायद्याने घातलेला एकच टप्पा आहे. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. तिथे गाडी भंगारात काढली तर २०२१ च्या धोरणानुसार नोंदणीकृत केंद्राकडून नव्या गाडीच्या शोरूम किमतीच्या साधारण ४ ते ६ टक्के भंगारमूल्य आणि एक ठेव प्रमाणपत्र मिळते. नवेपणी शोरूममध्ये पंचवीस लाखांची असलेल्या गाडीला ते लाख ते दीड लाख होते, एवढ्यापुरती म्हण बरोबर निघते. ठेवायची असेल तर तपासणी, पर्यावरण कर आणि १ एप्रिल २०२२ पासून ६०० रुपयांऐवजी ५००० रुपये झालेले नूतनीकरण शुल्क भरून पुढची पाच वर्षे मिळतात. अर्ज नमुना २५ मध्ये करायचा, मुदत संपण्याआधीच्या ६० दिवसांत.