नदीची फूटपट्टी

मुलांनो, तुमच्या दप्तरात फूटपट्टी असते ना? सांगलीच्या कृष्णेलाही एक फूटपट्टी आहे! आयर्विन पुलापाशी पाण्याची उंची फुटांत मोजतात. पाणी ४० फुटांवर गेलं की ती इशारा पातळी, ४५ फुटांवर गेलं की धोका पातळी. पावसाळ्यात सांगलीकर एकमेकांना विचारतात, "किती फूट झालं?"

सांगलीच्या पुढे नरसोबाच्या वाडीला पंचगंगा कृष्णेला मिळते. नदी चढली की तिथल्या दत्तमंदिरात पाणी शिरतं आणि पादुकांवरून वाहत दक्षिणेच्या दारानं बाहेर पडतं. या 'दक्षिणद्वार' सोहळ्याला लोक मुद्दाम स्नानाला येतात. पुराशी इथल्या माणसांची अशी जुनी ओळख आहे.

ऑगस्ट २०१९ मध्ये मात्र ही ओळखच अनेकांना नडली. २००५ च्या महापुरात सांगलीत पाणी ५३ फूट ९ इंचांपर्यंत चढलं होतं. "तेव्हा आपल्या दारात आलं नव्हतं, आताही येणार नाही," असं म्हणून कितीतरी जण घरातच थांबले. या वेळी पाणी ५७ फुटांच्याही वर गेलं! तिकडे कोल्हापूरजवळ शिरोलीला पंचगंगेनं पुणे-बंगळूर महामार्गच बुडवला. मदतीच्या गाड्यांची वाट बंद झाली.

मग राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल, लष्कर, नौदल आणि तटरक्षक दलाचे जवान बोटी घेऊन आले. म्हाताऱ्याकोताऱ्यांना, तान्ह्या बाळांना त्यांनी माडीवरून अलगद बोटीत उतरवलं. लाखो माणसं सुरक्षित जागी पोचली. पण ८ ऑगस्टला पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला माणसांनी खच्चून भरलेली एक बोट उलटली. त्यात अनेकांचे जीव गेले.

म्हणून बोट हा शेवटचा उपाय. रस्ता कोरडा आहे तोवर, गुरंढोरं घेऊन आपल्या पायांनी बाहेर पडणं, हीच खरी सुटका!

तुमच्या गावाला नदी असेल, तर आजी-आजोबांना विचारा, मोठा पूर कुठवर आला होता? ती खूण बघून या. पाणी किती चढलं की घर सोडायचं आणि कुठे जायचं, हे आई-बाबांबरोबर उन्हाळ्यातच ठरवा. आणि एक लक्षात ठेवा हं. भिंतीवरची खूण मागच्या पुराची असते. पुढचा पूर ती वाचून येत नाही!