सुनिलाची काळी पूड

आमच्या धाकट्याने पुण्यात विजेची स्कूटर घेतली, तेव्हापासून तिच्या बॅटरीच्या पोटात काय असते याचे मला कुतूहल होते. त्याचे उत्तर फिनलंडमधल्या एका बंद कारखान्याच्या फाटकाशी मिळेल, असे मात्र स्वप्नातही आले नव्हते.

हेलसिंकीहून पूर्वेला बसने दोनेक तास गेले की कोत्का हे बंदर लागते. त्याच्या शेजारीच सुनिला. लाकडाच्या लगद्याचा इथला कारखाना आल्वार आल्तो या नामवंत वास्तुशिल्पीने १९३०च्या दशकात उभारला. समुद्रकाठी लाल विटांच्या भिंती, अन् जवळच पाइनच्या झाडीत कामगारांची घरे. झाडांना न दुखवता घरे कशी बांधावीत, ते इथे येऊन पाहावे!

फाटकाबाहेरच्या बाकावर एक म्हातारेबुवा बसले होते. मोडक्यातोडक्या इंग्रजीत आमचे जमले. तीस वर्षे त्यांनी इथल्या बॉयलरवर काढली होती. "लगदा काढल्यावर काळा रस उरायचा. तो आम्ही जाळायचो," ते म्हणाले.

त्या रसातच खरी गंमत होती. बॅटरीचा अ‍ॅनोड बहुधा ग्रॅफाइटचा असतो. पेन्सिलीत असते तेच हे ग्रॅफाइट. त्याची रचना चाळीसारखी, मजल्यावर मजले. बॅटरी भरताना लिथियमचे कण तिथे बिऱ्हाड करतात. गाडी धावू लागली की बिऱ्हाड हलवतात. एका मोटारीला असे ग्रॅफाइट पन्नाससाठ किलो सहज लागते. ते खाणीतून काढावे, नाहीतर तेलाच्या गाळापासून तीन हजार अंशांच्या आसपास तापवून करावे. शिवाय बॅटरीजोगे ग्रॅफाइट बहुतेक चीनमध्येच तयार होते.

लाकडाचे तंतू सांधून धरणारा निसर्गाचा डिंक म्हणजे लिग्निन. लाकडात तो जवळजवळ पाव हिस्सा असतो आणि त्या काळ्या रसात उतरतो. स्टोरा एन्सो कंपनीने २०१५पासून इथे तो वेगळा काढायला सुरुवात केली. २०२१मध्ये त्याचा कोळसा करून अ‍ॅनोडची काळी पूड बनवणारा प्रायोगिक विभागही निघाला. ग्रॅफाइटइतकी उष्णता या पुडीला लागत नाही. हिच्यातल्या चाळीचे मजले वेडेवाकडे. म्हणून लिथियमची ये-जा झटपट होते, पण दाटीवाटीने बिऱ्हाडे तितकी मावत नाहीत.

आणि मग? २०२२मध्ये रशियातून येणारे लाकूड थांबले. लाकूड महागले. २०२३मध्ये लगद्याचा कारखाना कायमचा बंद झाला. जिथला लगदाच थांबला, तिथे लिग्निन कुठून मिळणार? उष्ट्यातून पक्वान्न करायची युक्ती साधली खरी, पण मूळ स्वयंपाकच थांबला! झाड पुन्हा वाढते, म्हणून त्याचा माल अक्षय, असे आपण म्हणतो. पण झाड आणि बॅटरी यांच्यामध्ये एक कारखाना असतो आणि त्यात माणसे असतात, हे विसरतो.

"पूर्वी वारा फिरला की गावभर सडक्या अंड्यांचा वास सुटायचा," म्हातारेबुवा म्हणाले. "बायको खिडक्या लावून घ्यायची. आता दिवसभर उघड्या असतात."

बस आली. खिडकीतून मागे पाहिले, तर ते तसेच चिमणीकडे पाहत बसले होते.